आधी उंची मोजा, मग श्वास द्या

नीटचा निकाल लागून गेला. लातूरच्या शिकवण्यांच्या गल्ल्यांत आता एकच विषय: एमबीबीएस हुकलं, पुढे काय? बीएएमएस, बीडीएस, फिजिओ, नर्सिंग ही नावं घराघरांत पाठ आहेत. ‘रेस्पिरेटरी थेरपी’, म्हणजे श्वसनोपचार, त्या यादीत सहसा नसते. उदगीरच्या पालकांनी हे नाव मनावर घ्यावं म्हणून हा लेख. आपल्याकडे माणसाचा श्वास अडतो तो पुष्कळदा वाचवता येण्याजोग्या कारणाने.

पावसाळ्यात दवाखान्यात दोन निरोप हमखास येतात: ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, आणि ‘औषध पिलं’. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावतो, फारसं दुखतही नाही. पहाटे पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग छातीचे स्नायू थकतात. फुफ्फुस चांगलं, हृदय चांगलं, माणूस आतून जागा. फक्त श्वास ओढायची ताकद गेलेली. विष ओसरेपर्यंत काही दिवस कुणीतरी त्याच्या वतीने श्वास घेतला, तर तो चालत घरी जातो.

फवारणीचं औषध पोटात गेलेल्याची गोष्ट जास्त फसवी. अॅट्रोपिनने तोंडाची लाळ आटते, माणूस बोलायला लागतो, नातेवाईक निर्धास्त होतात. एक ते चार दिवसांच्या आत कधीतरी त्याची मान उशीवरून उचलेनाशी होते आणि श्वास मंदावतो. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी 1987 मध्ये या मधल्या टप्प्याचं नीट वर्णन केलं. इथे अॅट्रोपिन कामाला येत नाही. कामाला येतो तो खाटेशेजारी बसलेला माणूस. पेशंटला एक खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि त्याच श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावायचे. सकाळी पंचवीसपर्यंत गेलेला माणूस दुपारी बारावर थांबला, तर डॉक्टरांना त्याच क्षणी हाक मारायची. हे पुस्तकात चार ओळींत आहे. ऐकायचा कान मात्र रात्रपाळीतच तयार होतो.

पुढची परीक्षा रस्त्यावर. उदगीरहून नळेगावमार्गे लातूर साठ-पासष्ट किलोमीटर. 108 सेवा 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा राज्यात 937 रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या प्रगत, म्हणजे व्हेंटिलेटर असलेल्या, 233. बाकीच्या गाड्यांत अंबू बॅग, बोलीभाषेत फुगा. मिनिटाला 12 वेळा दाबायचा म्हटलं तर दीड तासात हजाराच्या वर. घाबरलेला हात तो दुप्पट वेगाने दाबतो. हवा आत कोंडते, रक्तदाब कोसळतो.

या फुग्यातूनच अतिदक्षता विभाग जन्माला आला. 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 दगावले. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्यात नळी घालून हाताने हवा द्यायला सुरुवात केली. यंत्रं नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने फुगे दाबत बसले, आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं.

आता यंत्रं आली. तरी मला सर्वात मोलाची वाटते ती शिंप्याकडची मोजपट्टी. व्हेंटिलेटरला सांगावं लागतं की एका श्वासाला किती हवा द्यायची, आणि ते ठरतं उंचीवर. अंगावर चरबी चढली म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. समजा 150 सेंटिमीटर उंचीची, 70 किलो वजनाची बाई आहे. सूत्राने तिचं हिशेबाचं वजन येतं साधारण 43 किलो. किलोला 6 मिलिलिटर धरले तर एका श्वासाला 260. काट्यावरच्या वजनाने हिशेब केला तर 420. हा फरक किती महाग पडतो ते 2000 साली अमेरिकेतल्या 861 रुग्णांच्या अभ्यासाने दाखवलं. फुफ्फुसं गंभीर सुजलेल्या ज्या रुग्णांना किलोला 12 च्या हिशेबाने हवा दिली, त्यांच्यात मृत्यू 39.8 टक्के, 6 च्या हिशेबात 31. औषध तेच, यंत्र तेच, फक्त आकडा बदलला. आपल्या भागातल्या ठेंगण्या आयाबायांना सवयीने पाचशेचा श्वास लावला जाऊ नये, यासाठी खाटेवर आडव्या पडलेल्या पेशंटला टाचेपासून डोक्यापर्यंत मोजणारा विद्यार्थी हवा. त्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी यंत्राच्या पडद्याआधी ही पट्टी हातात द्यावी, असं माझं ठाम मत आहे.

मे 2021 आठवा. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला केंद्राकडून आलेल्या 150 व्हेंटिलेटरांपैकी वापरायला काढलेले 113 सदोष निघाल्याचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेलं. केंद्राने यंत्रांची बाजू घेत ती हाताळण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं, आणि न्यायालयाने त्या पवित्र्यावर नाराजी व्यक्त केली. न्यायालयाची ही नाराजी मला पटते. पण यंत्र उघडताच ‘हे दाब बरोबर देत नाही’ असं पुराव्यानिशी सांगणारा शिकलेला माणूस प्रत्येक वॉर्डात हवा, हेही त्याच प्रकरणाने शिकवलं.

2021 च्या राष्ट्रीय कायद्याने रेस्पिरेटरी थेरपीच्या व्यवसायाला सूचीत जागा दिली आणि शिक्षणाचे किमान तासही ठरवले: सहयोगी व्यावसायिकाला 2000, पदवीधर आरोग्य व्यावसायिकाला 3600. हे तास कुठे घालवायचे, हा माझा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या अतिदक्षता विभागात शिकणं आवश्यकच. पण पावसाळ्यातला एक महिना लातूर-नांदेडच्या शासकीय रुग्णालयांत, काही रात्री उदगीरच्या अपघात विभागात आणि निदान दहा फेऱ्या 108 मध्ये व्हायला हव्यात. तिथे विद्यार्थी श्वासनळीत घातलेल्या नळीवरच्या फुग्याचा दाब मोजेल, सक्शन पंधरा सेकंदांत आटपायला शिकेल, नातेवाइकांना ‘मशीन लावलं म्हणजे संपलं नाही’ हे आपल्या बोलीत समजावेल.

आणि विष ओसरल्यावर यंत्राचा आधार कमी करून अर्धा तास पेशंटला स्वतःच्या दमावर ठेवेल. श्वास भराभर आणि उथळ होत नाही, मान उशीवरून उचलून धरता येते, खोकल्यात जोर आहे, हे बघून डॉक्टरांबरोबर नळी काढेल. नंतर पेशंटचे ओठ ओले करून पुन्हा तेच सांगेल: मावशी, एक खोल श्वास घ्या आणि एकपासून मोजा.