धर्मश्रद्धेच्या उगमाचा वाद : आगरकर, नेहेम्या गोऱ्हे आणि पुण्यातील प्रार्थनासमाज

प्रास्ताविक

धर्मश्रद्धा मानवी मनात कोठून आली, या प्रश्नाला निरीश्वरवादी व ख्रिस्ती विचारवंतांनी दिलेली उत्तरे परस्परविरोधी आहेत. पहिल्या पक्षाच्या मते श्रद्धा ही भय, स्वप्न व अज्ञान यांतून निर्माण झालेली मानवी कल्पना होय. दुसऱ्या पक्षाच्या मते ती ईश्वराने स्वतः मानवाला करून दिलेली आपली ओळख होय. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात गाजलेला हा वाद त्याच सुमारास पुण्यातही उपस्थित झाला. परंतु येथे त्याचे स्वरूप वेगळे होते. गोपाळ गणेश आगरकर यांचा अज्ञेयवाद आणि फादर नेहेम्या (पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री) गोऱ्हे यांचे ख्रिस्ती प्रतिपादन यांच्या मध्ये प्रार्थनासमाजाचा एकेश्वरवाद उभा होता. आगरकर व गोऱ्हे यांचे लेखन एकमेकांना उद्देशून नव्हते. तरीही दोघांनी प्रार्थनासमाजाच्या ज्या गृहीतकाला बाधा आणली ते एकच होते, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे.

वादाचा विषय कसा बदलला

महाराष्ट्रातील आरंभीचे धर्मवाद उगमाविषयी नव्हते. मोरभट दांडेकर व डॉ. जॉन विल्सन यांच्यात मुंबईत झालेला वाद, त्यातून १८३२ मध्ये निघालेले विल्सन यांचे खंडनपर पुस्तक, किंवा १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांशी केलेला वादविवाद, या सर्वांत ईश्वर आहे हे उभयपक्षी मान्य होते. प्रश्न इतकाच होता की त्याचा खरा ग्रंथ कोणता. पुराणांतील चमत्कार असंभाव्य ठरवले की बायबलातील चमत्कारांकडे बोट दाखवले जाई, आणि वाद पुन्हा मूळ पदावर येई.

१८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ने या प्रश्नाला निराळे वळण दिले. कर्मकांड व अवतारकथा यांचा उगम फुले यांनी सत्तेत आणि पुरोहितवर्गाच्या लबाडीत शोधला. स्वतः फुले निरीश्वरवादी नव्हते. ‘निर्मिका’वर त्यांची दृढ निष्ठा होती. परंतु धर्मकल्पनेला सामाजिक उगम असतो, आणि तो दाखवून दिला की तिचे बंधन सैल होते, ही विचारपद्धती त्यांच्यामुळे पुण्यात रुजली.

आगरकरांची मीमांसा : लबाडी नव्हे, चूक

आगरकर (१८५६-१८९५) डेक्कन कॉलेजात मिल व स्पेन्सर यांच्या ग्रंथांच्या प्रभावाखाली आले. १८८७ पर्यंत ‘केसरी’चे संपादन केल्यानंतर ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केला. देवतांच्या उत्पत्तीविषयी त्यांनी केलेल्या विवेचनाचा आधार हर्बर्ट स्पेन्सरच्या समाजशास्त्रात आहे. १८७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या समाजशास्त्रविषयक ग्रंथात स्पेन्सरने असे मांडले की, आदिमानवाने स्वप्न, छाया, प्रतिध्वनी, मूर्च्छा आणि मृत्यू या अनुभवांची संगती लावण्यासाठी देहाहून वेगळ्या अशा ‘दुसऱ्या मी’ची कल्पना केली. स्वप्नात मृत पिता भेटतो. म्हणजे तो कोठेतरी असला पाहिजे. तो असेल तर त्याला भूक लागेल, राग येईल. म्हणून त्याला अन्न द्यावे, त्याची मनधरणी करावी. सामान्य मृताचे भूत होते, पराक्रमी मृताचा देव होतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हे पटण्यास फार दूर जावे लागत नसे. पिंडदान, काकस्पर्शाची वाट पाहणे, मुंज होऊन लग्नापूर्वी मेलेल्या मुलाचा पिंपळावरील मुंजा, देव्हाऱ्यात कुलदैवताशेजारी बसणारे पूर्वजांचे वीर-टाक आणि पुण्याच्या टेकडीवरचा वेताळ, ही सारी सामग्री घरातच होती. किंबहुना स्पेन्सरला जे प्रवाशांच्या वृत्तांतांतून गोळा करावे लागले, ते आगरकरांच्या वाचकाला पितृपंधरवड्यात अंगणात दिसत असे.

फुले आणि आगरकर यांच्यातील भेद येथे स्पष्ट होतो. फुल्यांच्या मीमांसेत कोणीतरी कोणाला तरी फसवतो. आगरकरांच्या मीमांसेत आदिमानव फसवा नाही, भाबडाही नाही. उपलब्ध पुराव्यावरून तो अनुमान करतो, आणि ते अनुमान चुकते. धर्म ही अशा रीतीने मानवी बुद्धीचीच आरंभीची, अपुरी कामगिरी ठरते. या भूमिकेत पूर्वजांविषयी तिरस्कार नाही. परंतु पूर्वजांचे अनुमान वंशजांनी दुरुस्त करू नये, हा आग्रह तिला अमान्य आहे. विधवेचे केशवपन किंवा संमतीविना लावलेले लग्न यांच्या पाठीशी ‘हे ईश्वरप्रणीत आहे’ एवढेच बळ असेल, तर त्या बळाचा उगम तपासणे हे सुधारणेचे पहिले काम ठरते. सनातन्यांनी आगरकरांची त्यांच्या हयातीत प्रेतयात्रा काढली ती अमूर्त तत्त्वज्ञानासाठी नव्हे.

गोऱ्हे यांचा युक्तिवाद

नेहेम्या गोऱ्हे (१८२५-१८९५) यांचे घराणे कोकणस्थ ब्राह्मण, शिक्षण काशीतील. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती मताचे संस्कृतात खंडन केले होते. १८४८ मध्ये त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ १८६० चा. पुढे पुण्याच्या पंचहौद मिशनशी त्यांचा संबंध आला, आणि ब्राह्मोसमाज व प्रार्थनासमाज यांच्याविरुद्ध त्यांनी लिहिलेल्या पुस्तिकांत उगमाचा प्रश्न मध्यवर्ती झाला.

प्रार्थनासमाजाची भूमिका अशी की, एक, मंगल व दयाळू अशा ईश्वराचे ज्ञान मनुष्याला अंतःकरणातून व सृष्टीच्या निरीक्षणातून होते. त्यासाठी कोणत्याही ग्रंथाच्या एकाधिकाराची गरज नाही. गोऱ्हे यांनी विचारले : हे ज्ञान उपजत असेल तर ते सर्वत्र का आढळत नाही? शून्यातून सृष्टी निर्माण करणारा ईश्वर ना षड्दर्शनांत आहे, ना ग्रीक तत्त्वज्ञांत. मग इंग्रजी शिकलेल्या पुणेकराला तो एकाएकी ‘स्वयंस्पष्ट’ कसा वाटू लागला? त्यांचे उत्तर सरळ होते : ही कल्पना बायबलातून आली आहे, समाजाने ती उचलली आणि तिचा उगम पुसून टाकला.

या युक्तिवादाचा परिणाम केवळ कागदावर राहिला नाही. १८८२ मध्ये पुण्यात आलेल्या पंडिता रमाबाई प्रार्थनासमाजाच्या वर्तुळात वावरत होत्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मनिवेदनात त्यांनी नमूद केले आहे की, ब्राह्मो मत वेदांतून आलेले नसून तो नाव बदललेला ख्रिस्ती विचार आहे, हे गोऱ्हे यांच्या लेखनामुळे त्यांना पटले.

दोन टोकांची जुळणी

आता आगरकर आणि गोऱ्हे शेजारी ठेवून पाहावेत. ईश्वराची कल्पना मनुष्य जन्मतः घेऊन येतो, हे दोघांनाही अमान्य आहे. दोघांच्या मते त्या कल्पनेला इतिहास आहे. एक तो इतिहास स्मशानापासून सांगतो, दुसरा सिनाय पर्वतापासून. दोघांच्याही दृष्टीने प्रार्थनासमाजाचे ‘अंतःकरण’ हे उत्तर नसून उत्तराची टाळाटाळ आहे. (आगरकर व गोऱ्हे यांचा कडवा भेद मिटवण्याचा येथे हेतू नाही, एकाच शहरात दोन शत्रूंनी एकाच भिंतीला दोन बाजूंनी सुरुंग लावावा, इतकेच.)

परंतु उगम सांगितल्याने सत्यासत्यता ठरते काय? तर्कशास्त्र सांगते की नाही. कल्पना स्वप्नातून सुचली म्हणून खोटी ठरत नाही, शेजाऱ्याकडून घेतली म्हणूनही खोटी ठरत नाही. गोऱ्हे यांचा आक्षेप जसाच्या तसा मान्य केला तरी प्रार्थनासमाजाचा ईश्वर असत्य ठरत नाही. तो उसना ठरतो. आगरकरांची मीमांसा मान्य केली तरी ईश्वर नाही असे सिद्ध होत नाही. स्वतः स्पेन्सरने अंतिम तत्त्वाला ‘अज्ञेय’ म्हटले आणि आगरकरही त्यापुढे गेले नाहीत.

मात्र हा तार्किक आक्षेप सर्व ठिकाणी सारखा लागू पडत नाही, आणि येथेच अनेक विवेचनांत गल्लत होते. ज्या विधानाचे प्रामाण्यच त्याच्या उगमावर उभे आहे, तेथे उगमाची चिकित्सा हा दोष नसून तोच योग्य मार्ग असतो. ‘हा विधी ऋषींना दिसला म्हणून बंधनकारक’ असे म्हणणाऱ्याला ‘हा विधी भुताच्या भयातून आला’ हे उत्तर पूर्णतः संबद्ध आहे. म्हणून आगरकरांचे विवेचन ईश्वराविरुद्ध अपुरे असले तरी श्राद्धाच्या आणि केशवपनाच्या सक्तीविरुद्ध पुरेसे आहे. त्याच न्यायाने ख्रिस्ती पक्षालाही या चिकित्सेतून सुटका नाही. विशिष्ट काळी, विशिष्ट देशात ईश्वर प्रकट झाला, हे विधान मुळात उगमाविषयीचेच विधान आहे. ते इतिहासाच्या न्यायालयात उभे राहिलेच पाहिजे.

प्रार्थनासमाजाचे उत्तर आणि पुढील वाटचाल

न्यायमूर्ती रानडे यांनी प्रार्थनासमाजाचा वारसा मिशनरी शाळेत न शोधता वारकरी संतांत शोधला. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांच्या ग्रंथात संतांवर स्वतंत्र प्रकरण आहे. पुण्यात मिशनरी येण्यापूर्वी दोन शतके तुकोबांनी क्षमाशील विठ्ठलाला हाक मारली होती, ही वस्तुस्थिती गोऱ्हे यांच्या युक्तिवादाला अडचणीची होती. शून्यातून सृष्टी हा विचार परका असेल; दयाळू ईश्वर परका नव्हता. गंमत अशी की, प्रार्थनासमाजाचेच आधारस्तंभ रा. गो. भांडारकर यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात गोपाळकृष्णाच्या बालकथांत आभीरांमार्फत ख्रिस्ती अंश आला असावा, अशी शक्यता मांडली. उसनवारीचा प्रश्न असा सहज मिटणारा नव्हता.

१८९५ च्या फेब्रुवारीत बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. पुण्यात दीर्घकाळ राहिलेले मिशनरी निकोल मॅक्निकोल यांनी संतांच्या अभंगांचे इंग्रजी अनुवाद केले. ख्रिस्ती पक्ष अशा रीतीने ‘तुमच्याकडे हे नव्हते’ येथून ‘तुमच्याकडे हे अपूर्ण होते’ येथवर आला. दुसऱ्या पक्षात, स्पेन्सरचा एकसुरी सिद्धांत मानवशास्त्राने मागे टाकला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील मातृदेवतांची ठाणी पायी हिंडून पाहिली आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात त्यांचा संबंध प्राचीन वाटा व अश्मयुगीन वस्त्यांशी जोडला. मृतात्म्याऐवजी वाट, वस्ती आणि उत्पादन यांकडे लक्ष गेले.

अलीकडच्या बोधनशास्त्रातही तोच पेच दिसतो. पास्कल बॉयर व जस्टिन बॅरेट या संशोधकांनी श्रद्धेचे मूळ मनाच्या स्वाभाविक प्रवृत्तींत दाखवले. खडखड ऐकताच कोणीतरी आहे असे मानण्याची प्रवृत्ती ही त्यांपैकी एक. यांपैकी बॅरेट स्वतः ख्रिस्ती आहेत, आणि आपल्या निष्कर्षांमुळे त्यांना श्रद्धा सोडावी लागलेली नाही.

रमाबाईंच्या बाबतीतही उगमाच्या युक्तिवादाने प्रश्न संपला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर लगेचच वाँटेजच्या भगिनींशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या चर्चच्या अधिकारावर कोणतेही मत स्वीकारण्यास नकार देऊन मूळ वचनाचा आधार मागत राहिल्या. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषा अभ्यासून बायबलचे स्वतंत्र मराठी भाषांतर हाती घेतले, आणि एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.