विश्लेषण : स्लॅबखाली पांढरे ओघळ का येतात? काँक्रीटमधला चुना वाहून गेला तर काय होते?

गच्चीच्या स्लॅबखाली, पाण्याच्या टाकीच्या तळाशी किंवा पुलाच्या सांध्यात पांढरे ओघळ दिसतात. काही ठिकाणी तर बारीक सुळके लोंबताना दिसतात. ‘ओल आली आहे’ म्हणत त्यावर रंग मारला जातो. प्रत्यक्षात हे ओघळ म्हणजे काँक्रीटमधून बाहेर पडलेला चुना असतो. त्याचा बांधकामाच्या ताकदीशी काय संबंध आहे?

काँक्रीटमध्ये चुना येतो कुठून?

सिमेंटमध्ये पाणी मिसळले की मुख्यतः दोन पदार्थ तयार होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. वाळू आणि खडी यांना घट्ट धरून ठेवण्याचे काम तो करतो. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच भिजवलेला चुना. कडक झालेल्या सिमेंटच्या घन भागात या चुन्याचा वाटा आकारमानाने साधारण २० ते २५ टक्के असतो. बांधणीचे मुख्य काम पहिला पदार्थ करत असला, तरी चुना सूक्ष्म छिद्रे भरतो आणि काँक्रीट अल्कधर्मी ठेवतो.

अडचण अशी की चुना पाण्यात विरघळतो. एक लिटर पाण्यात सुमारे १.६ ग्रॅम. हे प्रमाण किरकोळ वाटते. पण भेगेतून रोज एक लिटर पाणी झिरपत राहिले, तर वर्षभरात जास्तीत जास्त अर्धा किलोहून अधिक चुना निघून जाऊ शकतो. या प्रक्रियेला ‘लीचिंग’ किंवा निक्षालन म्हणतात. बाहेर आलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावतो आणि त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होते. तेच हे पांढरे ओघळ. चुनखडीच्या गुहांमधले लोंबते सुळकेही याच पदार्थाचे असतात.

ताकद कशी कमी होते?

आधी मोकळा चुना जातो. त्याच्या जागी पोकळी उरते, छिद्रे मोठी होतात आणि पाण्याला वाट आणखी सोपी होते. म्हणजे गळतीमुळे चुना जातो आणि चुना गेल्याने गळती वाढते. मोकळा चुना संपला की पाणी बांधून ठेवणाऱ्या पदार्थातील कॅल्शियमही ओढू लागते. तिथून पुढे काँक्रीटची ताकद झपाट्याने घटते.

सळयांचा धोका वेगळा आहे. चांगल्या काँक्रीटचा सामू १२.५ च्या वर असतो. अशा वातावरणात लोखंडावर अदृश्य संरक्षक थर टिकतो. चुना कमी झाला की सामू घसरतो, आणि आत शिरणारा कार्बन डायऑक्साइड तो आणखी खाली आणतो. सामू साधारण ९ पर्यंत उतरला की सळया गंजू लागतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असल्याने आवरण फुटते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. पांढऱ्या ओघळात तांबूस छटा दिसू लागली, तर गंज सुरू झाल्याची शक्यता असते.

कोणते पाणी अधिक घातक?

गोडे, मृदू पाणी. पावसाच्या पाण्यात आधीपासून विरघळलेले क्षार फारच कमी असल्याने ते चुना लवकर ओढून घेते. त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल तर परिणाम वाढतो. मात्र साचलेल्या पाण्यापेक्षा वाहते पाणी जास्त नुकसान करते, कारण साचलेले पाणी चुन्याने संपृक्त झाले की विरघळणे थांबते.

मग नव्या स्लॅबवर वाफे करून पाणी साठवणे चुकीचे का? अजिबात नाही. ते पाणी सिमेंटच्या अभिक्रियेसाठी आवश्यकच असते. क्यूरिंग नीट झाले तर छिद्रे कमी होतात आणि पुढची गळतीही टळते.

मोठ्या बांधकामांत याचे उदाहरण कोणते?

केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील मुल्लपेरियार धरण. १८९५ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाचा गाभा चुना-सुरखीच्या काँक्रीटचा आहे. धरण केरळात असले तरी त्याचा ताबा आणि पाणी तमिळनाडूकडे आहे. झिरपणाऱ्या पाण्याबरोबर चुना वाहून जाऊन धरण कमकुवत झाले, हा केरळच्या आक्षेपांपैकी प्रमुख मुद्दा. १९७९ नंतर पाणीपातळी १३६ फुटांवर आणण्यात आली. माथ्यावर काँक्रीटचे वजन, पोलादी केबलचे नांगर आणि मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार देऊन धरण बळकट करण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१४ मध्ये धरण सुरक्षित मानून १४२ फुटांपर्यंत पाणी साठवण्यास परवानगी दिली. वाद मात्र अजून शमलेला नाही.

उपाय काय?

सुरुवात बांधकामापासूनच होते. ओतायला सोपे जावे म्हणून मालात जादा पाणी घातले की छिद्रे वाढतात. भारतीय मानक ४५६ नुसार मध्यम परिस्थितीतील सळईयुक्त काँक्रीटमध्ये पाण्याचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त नसावे.

फ्लाय अॅश किंवा स्लॅग असलेले सिमेंटही उपयोगी. त्यातील सिलिका मोकळ्या चुन्याशी संयोग पावून त्याचे बांधणाऱ्या पदार्थात रूपांतर करते. जुन्या बांधकामांत विटांची पूड, म्हणजे सुरखी, हेच काम करत असे. मात्र अशा सिमेंटला क्यूरिंग जास्त लागते. मानकानुसार किमान १० दिवस.

घरात ओघळ दिसले तर?

आधी थर ओल्या फडक्याने पुसून पाहा. सहज विरघळला तर तो बहुधा विटांतले किंवा पाण्यातले क्षार असतो. विरघळला नाही आणि व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर फसफसला, तर तो बहुधा काँक्रीटचाच चुना. तो खरवडून रंग मारल्याने आतले नुकसान थांबत नाही. पाणी शिरते ती वरची बाजू शोधावी लागते. गच्चीचा उतार, तुंबलेली पन्हळ, पाइपाभोवतीच्या फटी आणि टाकीचे सांधे आधी तपासावेत. तांबूस डाग, पोपडे किंवा रुंदावणारी भेग दिसल्यास संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. वेळीच बंद केलेली गळती ही दुरुस्तीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते. स्लॅबमधून गेलेला चुना मात्र पुन्हा आत घालता येत नाही.