संगणकातील नवा भाग आणि दोषनिदानाची रीत

भाषिक सामग्रीचे संकलन आता बहुतांशी संगणकावरच होत असल्यामुळे संगणकाची प्रकृती हा विषय भाषेच्या अभ्यासकाला परका राहिलेला नाही. तुटपुंज्या तरतुदीतून एखादी स्वस्त रॅमची पट्टी किंवा बिननावाचा पॉवर सप्लाय आणावयाचा, तो बसवावयाचा, आणि दोन दिवसांनी निळा पडदा दाखवून संगणक कोसळू लागला की विक्रेत्याच्या नावाने बोटे मोडावयाची, हा क्रम सर्वपरिचित आहे. विक्रेता दरवेळी दोषी असतोच असे मात्र नाही.

नवा भाग आला आणि बिघाड सुरू झाला, एवढ्यावरून नव्या भागामुळेच बिघाड झाला असे मानणे म्हणजे काकतालीय न्यायाला प्रमाण मानणे होय. भाग निर्दोष असूनही जुन्या व नव्या पट्टीच्या वेगांचा मेळ बसत नसेल. पेटी उघडताना जुनीच एखादी जोडणी सैल झाली असेल. किंवा नव्या ग्राफिक्स कार्डाला लागणारी वीज जुन्या सप्लायला पेलत नसेल. या शक्यता वेगळ्या करण्याची रीत भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास नवी नाही. 'दार' आणि 'धार' या लघुतम युग्मात बाकी सर्व कायम राहून एकच ध्वनी बदलतो, म्हणूनच अर्थभेदाचे श्रेय त्या ध्वनीला देता येते. येथेही एका वेळी एकच बदल करावयाचा. प्रथम महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवावी, वीज पूर्णपणे तोडावी आणि नवा भाग काढावा. कोसळणे थांबले तरी निदान पुरे झाले असे समजू नये. तो भाग पुन्हा बसवून बिघाड परत येतो की नाही हे पाहिले पाहिजे. पुष्कळदा दोष केवळ नीट न बसलेल्या पट्टीचा असतो व काढघाल करण्यानेच तो नाहीसा होतो.

रॅमविषयी शंका असल्यास एक एक पट्टी एकाच खाचेत आळीपाळीने तपासावी, आणि मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत. म्हणजे दोष पट्टीचा की खाचेचा, हे उलगडते. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली प्रथम लिहिलेला 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्रॅम विंडोज सुरू न करता पेनड्राइव्हवरून चालतो, स्मृतीत ठराविक आकृतिबंध लिहितो व ते जसेच्या तसे परत मिळतात का ते पाहतो. तो रात्रभर चालू द्यावा. एका फेरीत दोष न आढळणे हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. दोष आढळल्यास बायोसमध्ये रॅमचा वेग उतरवून पुन्हा पाहावे, कारण वेष्टणावर मिरविलेला वेग कित्येकदा प्रमाणित वेगाहून चढा असतो.

निळा पडदाही न दिसता संगणक एकाएकी बंद पडत असेल, विशेषतः कामाचा भार वाढताच, तर संशय सप्लायवर घ्यावा. बारा व्होल्टच्या वाहिनीवरील दाब ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहावयास हवा. स्वस्त सप्लायवरील छापील वॅटचा आकडा आणि या वाहिनीवर खरोखर मिळणारी शक्ती यांत बरेच अंतर असू शकते.

कोसळणारा संगणक निदान ओरडून तरी सांगतो. खरा धोका न कोसळता चुकणाऱ्या संगणकाचा आहे. सदोष स्मृतीत एखादा बिट उलटला व तो प्रोग्रॅमच्या आज्ञेत नसून मजकुरात असला, तर काहीच घडल्यासारखे दिसत नाही. युनिकोडमध्ये 'द'चा षोडशमान संकेतांक ०९२६ आणि 'ध'चा ०९२७. दोहोंत अंतर केवळ शेवटच्या बिटाचे. यूटीएफ-८ रूपातही ते तेवढेच राहते. म्हणजे एक बिट उलटताच 'दार'चे 'धार' होते, 'बाग'चे 'भाग' होते आणि 'पार'चे 'फार'. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे शुद्धलेखन-तपासनीस मूग गिळून बसतो. च-छ, ज-झ, त-थ, द-ध, प-फ व ब-भ या सहा जोड्यांत अल्पप्राण-महाप्राण भेद असा एका बिटावर आला आहे. क-ख, ग-घ, ट-ठ, ड-ढ यांत तो तसा नाही, कारण तेथे पहिले अक्षर विषम अंकावर पडते. (प-वर्ग सम अंकावर आला, तोही 'न' व 'प' यांच्यामध्ये मराठीत न लागणारे 'ऩ' घातल्यामुळे!) महाप्राणाच्या वारंवारतेचा अभ्यास अशा सामग्रीवर करणाऱ्याच्या वाट्याला काय येईल, हे सांगावयास नको.

रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली चूक शोधून सुधारणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. तिच्यावर आधारलेली ईसीसी स्मृती सर्व्हरमध्ये वापरतात. घरगुती व कार्यालयीन संगणकात ती सहसा नसते. म्हणून मोठ्या फायलीची एसएचए-२५६ ही मुद्रा काढून ठेवणे इष्ट. न बदललेल्या एकाच फायलीची मुद्रा दोनदा काढून दोन उत्तरे आली, तर रॅमची तपासणी आधी करावी व संकलन तोपर्यंत थांबवावे. नवी पट्टी बसविल्यापासून ती काढीपर्यंत ज्या फायली उघडून पुन्हा जतन केल्या, त्या सर्व जुन्या प्रतीशी अक्षरशः ताडून पाहाव्या. जुनी प्रत नसेल तेथे मूळ छापील पृष्ठ किंवा ध्वनिमुद्रण पुन्हा हाती घ्यावे लागते.