केजीएफ राहू द्या, सांगली संस्थानातही सोन्याची खाण होती! गदगच्या कप्पतगुड्ड्यात नेमकं काय घडलं?

सोन्याची खाण म्हटलं की आता प्रत्येकाला एकच नाव आठवतं, केजीएफ. २०१८ मध्ये सिनेमा आला आणि कर्नाटकातलं कोलार घराघरात पोहोचलं. पण कोल्हापूरकरांना सोन्याच्या खाणींचा प्रदेश बघायचा असेल तर कोलारपर्यंत जायची गरज नाही. कोल्हापूरहून पुणे-बेंगळुरू हायवे धरायचा, बेळगाव आणि धारवाड मागे टाकत हुबळी गाठायची आणि तिथून गदगकडे वळायचं. अंतर सुमारे २६५ किलोमीटर.

गदगच्या दक्षिणेला डोंगरांची एक लांबलचक रांग आहे. तिचं नाव कप्पतगुड्डा. कन्नडमध्ये गुड्डा म्हणजे डोंगर. याच डोंगराच्या पोटात सोनं आहे. त्यासाठी शंभरेक वर्षांपूर्वी इथं कंपन्या आल्या, खाणी खोदल्या गेल्या आणि थोड्याच वर्षांत बंदही पडल्या. त्यातल्या एका खाणीचं नाव भूगर्भशास्त्राच्या अहवालांत आजही ‘सांगली माइन’ असंच लिहिलं जातं.

आता गदगच्या डोंगरातल्या खाणीला सांगलीचं नाव कसं काय?

गदग आणि सांगलीचा संबंध काय?

पटवर्धनांचं सांगली संस्थान आजच्या सांगली जिल्ह्यासारखं सलग नव्हतं. त्याचे तुकडे दूरवर विखुरलेले होते. मंगळवेढा सांगलीकडे होतं, तेरदाळ सांगलीकडे होतं आणि थेट कप्पतगुड्ड्याच्या पायथ्याचा शिरहट्टी तालुकासुद्धा सांगलीकडेच होता. शेजारचं लक्ष्मेश्वर मिरज संस्थानात होतं. गदग शहर मात्र इंग्रजांच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाड जिल्ह्यात होतं.

म्हणजे डोंगर एकच, पण त्याची एक बाजू इंग्रजांची आणि दुसरी पटवर्धनांची.

यात कोल्हापूरचाही धागा आहे. सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ अशा दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानांवर लक्ष ठेवणारा इंग्रजांचा पोलिटिकल एजंट कोल्हापुरात बसायचा. शिवाय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, म्हणजे या भागात सोन्याचा शोध जोरात होता तेव्हा, सांगलीचे राजे चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन अल्पवयीन होते. त्यांना १९१० मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. तोपर्यंत संस्थानाचा कारभार इंग्रज प्रशासक बघत होता.

पुढं १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झालं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि १९९७ मध्ये त्यातून गदग हा वेगळा जिल्हा झाला.

कंपन्यांच्या आधी इथलं सोनं कोण काढायचं?

कंपन्या यायच्या कितीतरी आधीपासून इथले स्थानिक लोक ओढ्यातून सोनं काढत होते. त्यांना जलगार म्हणायचे. पावसाळ्यात डोंगरावरून ओढे वाहायला लागले की पाण्यासोबत माती आणि वाळू खाली येते. पूर ओसरला की जलगार ही वाळू लाकडी कुंडात घालून पाण्यानं धूत बसायचे.

यामागचं विज्ञान साधं आहे. सोनं पाण्यापेक्षा एकोणीस पट जड असतं. वाळूतली गारगोटी जेमतेम अडीच पट. त्यामुळं वाळू पाण्यात हलवली की हलके कण वाहून जातात आणि सोनं तळाला बसतं.

ही पद्धत आपल्याला अगदीच अनोळखी नाही. सराफ पेठेतली धूळ आणि गटारीतला गाळ गोळा करून त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच तत्त्व वापरतात. फरक इतकाच की झारेकरी सोनाराच्या हातून सांडलेलं सोनं शोधतो आणि जलगार डोंगरानं सांडलेलं.

पण या कामात कुणी श्रीमंत झालं नाही. दिवसभर वाळू धुऊन दिवसाची मजुरी सुटली तरी पुष्कळ, अशी गत होती.

मग इंग्रजांना याचा पत्ता कसा लागला?

ओढ्यात सोनं येतंय म्हणजे वर डोंगरात कुठंतरी ते असणार, हा साधा तर्क होता. तो तपासायला भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे रॉबर्ट ब्रूस फूट इथं आले. हे तेच फूट, ज्यांनी १८६३ मध्ये चेन्नईजवळच्या पल्लावरम इथं अश्मयुगीन हत्यार शोधून भारताच्या प्रागैतिहासिक संशोधनाचा पाया घातला. १८७४ मध्ये त्यांनी डंबळच्या डोंगरांतल्या सोनं असलेल्या खडकांवर अहवाल लिहिला. डंबळ हे कप्पतगुड्ड्याच्या जवळचं जुनं गाव. तेव्हा ही रांग डंबळचे डोंगर म्हणूनच ओळखली जायची.

इथले खडक अडीच अब्ज वर्षांहूनही जुने आहेत. जमिनीच्या खोल भागातलं गरम पाणी खडकांच्या भेगांतून वर येताना सोबत विरघळलेलं सोनं आणि सिलिका घेऊन आलं. ते निवल्यावर भेगांमध्ये पांढऱ्या गारगोटीच्या शिरा तयार झाल्या आणि त्यात सोनं अडकून बसलं. कोलार, रायचूरजवळची हट्टी आणि गदग या तिन्ही ठिकाणच्या सोन्याची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच आहे. अशा खडकांना पुढं धारवाडचंच नाव मिळालं.

सोन्याच्या मागं लोक वेडे का झाले?

कारण तो काळच तसा होता. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये सोनं सापडलं, १८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलं. भारतातही कुठंतरी असंच घबाड हाती लागेल, असं लंडनच्या शेअर बाजाराला वाटत होतं.

पहिला झटका निलगिरी-वायनाड भागात बसला. १८८० च्या आसपास देवाला आणि पंडलूर या गावांभोवती तीसहून अधिक कंपन्या निघाल्या. सोनं निघालं नगण्य आणि काही वर्षांत सगळा खेळ आटोपला.

दुसरीकडं १८८० मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी कोलारमध्ये उतरली आणि तिथं खरोखरच घबाड लागलं. तिथल्या खाणींना वीज देण्यासाठी १९०२ मध्ये शिवनसमुद्रचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. पुढं या खाणी तीन किलोमीटरपेक्षा खोल गेल्या. २००१ मध्ये त्या बंद झाल्या, तोपर्यंत त्यातून सुमारे ८०० टन सोनं निघालं होतं.

कोलारचं यश बघून कंपन्यांची नजर अशाच खडकांच्या इतर पट्ट्यांकडं वळली. त्यात गदगही आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कबुलायतकट्टी, होसूर, अत्तीकट्टी या गावांच्या परिसरात खड्डे आणि भुयारं खोदली जाऊ लागली. धारवाड गोल्ड माइन्स नावाची कंपनी कबुलायतकट्टीला काम करत होती. सांगली माइन हा याच धावपळीचा भाग.

मग गदगचं कोलार का झालं नाही?

कारण सोनं असणं वेगळं आणि ते परवडणं वेगळं.

समजा एक टन खडकात ४ ग्रॅम सोनं आहे. म्हणजे सराफाच्या दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी अडीच टन खडक फोडावा लागणार, दळावा लागणार आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करावी लागणार. कोलारमध्ये सुरुवातीला टनामागं याच्या कितीतरी पट सोनं मिळत होतं, त्यामुळं खर्च निघाला. गदगला शिरा बारीक होत्या, तुटक होत्या. थोडं खोदलं की शीर गायब व्हायची. १९११ च्या सुमारास कंपन्यांनी गाशा गुंडाळला.

मागं राहिले ते खड्डे, दगडांचे ढीग आणि नकाशावरची नावं. कोलारसारखं इथं क्लब, दवाखाने, बंगले असलेलं शहर कधी उभंच राहिलं नाही.

पण त्यामुळंच डोंगर वाचला, असंही म्हणता येतं. कोलारमध्ये खाणी २००१ मध्येच बंद झाल्या तरी सायनाइडची प्रक्रिया केलेल्या मातीचे डोंगर तिथं उभे आहेत. वारं सुटलं की ती धूळ वस्तीत येते. गदगला मात्र खाणी बंद पडल्या आणि गवत परत उगवलं.

इतक्या वर्षांनी पुन्हा वाद का पेटला?

सोन्याचा भाव वाढला आणि तंत्रज्ञानही बदललं. शंभर वर्षांपूर्वी न परवडणारा खडक आता परवडू लागला. कप्पतगुड्ड्यात पुन्हा सोनं काढायचा एका खासगी कंपनीचा प्रस्ताव पुढं आला.

इथल्या लोकांसाठी हा डोंगर म्हणजे फक्त खडक नाही. दुष्काळी भागातला हा हिरवा पट्टा आहे. इथं शेकडो औषधी वनस्पती आहेत, लांडगे, तरस आणि बिबटे आहेत. पायथ्याच्या गावांचं पाणी याच डोंगरातून येतं. कप्पत मल्लय्याचं देवस्थानही डोंगरावरच आहे. लोक याला उत्तर कर्नाटकाचा सह्याद्री म्हणतात.

डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारनं कप्पतगुड्ड्याला संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. वर्षभरातच, २०१६ च्या अखेरीस, ती अधिसूचना मागं घेतली. खाणीसाठीच हे केलं, असा आरोप झाला आणि लोक रस्त्यावर आले. २०१७ च्या सुरुवातीला गदगमध्ये मोठं धरणं आंदोलन झालं. त्याचं नेतृत्व तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामी करत होते. २०११ मध्ये पोस्को कंपनीच्या पोलाद प्रकल्पाविरोधात शेतकऱ्यांसोबत उभे राहिलेले हेच स्वामी. एप्रिल २०१७ मध्ये सरकारनं संवर्धन राखीवचा दर्जा परत दिला आणि २०१९ मध्ये सुमारे २४४ चौरस किलोमीटरचं कप्पतगुड्डा वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं.

या दोन दर्जांत फरक काय?

संवर्धन राखीव क्षेत्र राज्य सरकार स्थानिक लोकांशी चर्चा करून जाहीर करतं. हे संरक्षण तुलनेनं सैल असतं आणि सरकारचं मत बदललं की काय होतं, ते गदगनं पाहिलं. अभयारण्याचं तसं नसतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार अभयारण्याची हद्द बदलायची असेल तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. म्हणजे राज्यानं एका रात्रीत निर्णय फिरवायची सोय उरत नाही.

कोल्हापूरकरांनी हा फरक लक्षात ठेवावा असा आहे. राधानगरी हे अभयारण्य आहे. पण पन्हाळा, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड या पट्ट्यांना संवर्धन राखीवचा दर्जा आहे. आणि आपल्या पठारांखाली सोनं नसलं तरी बॉक्साईट आहे, त्यावरून वादही झालेले आहेत.

जायचं असेल तर काय बघाल?

दोन दिवस हाताशी ठेवा. गदगमध्ये मुक्काम सोयीचा पडतो. पंडित भीमसेन जोशींचं बालपण गेलं ते हेच गदग. शहरात त्रिकुटेश्वर आणि वीरनारायण ही जुनी मंदिरं आहेत. गदगपासून साधारण १२ किलोमीटरवर लक्कुंडी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात इथं टांकसाळ होती आणि इथली सोन्याची नाणी लोक्की गद्याण म्हणून ओळखली जायची. कोल्हापूरचे शिलाहार याच चालुक्यांचे मांडलिक होते. डंबळला ताऱ्याच्या आकाराचं दोड्डबसप्पा मंदिर आहे. तिथंच वाटेत डोंगररांग दिसायला लागते.

डोंगर हिरवा बघायचा तर जुलै ते सप्टेंबर जा. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. गदगपासून सुमारे २६ किलोमीटरवर शिरहट्टीजवळ, म्हणजे जुन्या सांगली संस्थानाच्याच भागात, मागडीचा तलाव आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब इथं हिवाळ्यात मोठ्या संख्येनं उतरतात. २०२४ मध्ये या तलावाचा समावेश रामसर यादीत झाला.

दोन गोष्टी मात्र पाळा. अभयारण्यात जायचं तर आधी वन विभागाची परवानगी घ्या आणि तिथून दगड, माती, वनस्पती काहीही उचलू नका. जुन्या खाणींच्या तोंडाशी जाऊन फोटो काढायचा मोह टाळा. शंभर वर्षांपूर्वीची ही भुयारं आहेत, आत पाणी साचलेलं असू शकतं आणि कडेची माती कधी ढासळेल याचा नेम नसतो.

अभयारण्य झालं म्हणून प्रश्न कायमचा मिटला असंही नाही. अभयारण्याच्या हद्दीला लागून खाणी आणि क्रशर किती अंतरावर चालू द्यायचे, हा वाद त्यानंतरही सुरूच राहिला. सोनं अजून डोंगरातच आहे. कंपन्या पहिल्यांदा परत गेल्या त्या सोनं परवडलं नाही म्हणून. पुढच्या वेळी त्यांना थांबवायचं असेल तर ते काम कायद्याला आणि पायथ्याच्या गावांनाच करावं लागेल.