मुरघास : हवेवाचून टिकणारी वैरण

भाद्रपदात माळावर फेरफटका मारलात तर जनावरांच्या पोटापर्यंत गवत आलेले दिसते. त्याच माळावर चैत्रात जा. गाईला जीभ फिरवावी एवढीही हिरवी काडी सापडत नाही. मग भाद्रपदातला हिरवा चारा चैत्रापर्यंत का बरे ठेवता येऊ नये? वाळवून कडबा करता येतो, हे खरे. पण ओल्या दिवसांत चारा नीट वाळत नाही आणि वाळताना पाने झडतात. त्यावर दुसरा उपाय आहे, तो म्हणजे मुरघास. लोणचे मुरते, तशीच ही वैरण मुरवायची असते.

आमचे घर साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. शेती धाकटा भाऊ पाहतो. २०१२ साली पाऊस फार कमी झाला. विहिरीच्या उरल्यासुरल्या पाण्यावर त्याने थोडा मका केला आणि दिवाळीनंतर मुरघासासाठी खड्डा भरला. मजूर मिळेनात, म्हणून ताटे न तोडता तशीच रचली. भरायला पाच दिवस लागले. वर पोती आणि माती टाकली. २०१३ च्या एप्रिलमध्ये खड्डा उघडला, तेव्हा वरचा थर पांढऱ्या बुरशीने माखलेला होता. खालचा काळपट झाला होता आणि त्याला खवट लोण्यासारखी घाण येत होती. गाईंनी त्याला तोंड लावले नाही. शेवटी चारही गाई चारा छावणीत न्याव्या लागल्या. भाऊ पाऊस पडेपर्यंत तिथेच त्यांच्याजवळ राहिला.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. पण त्या खड्ड्यात नेमके काय बिघडले, हे मला त्या दिवशी सांगता आले नाही. ते मी मागाहून शिकलो. आता तुम्हीही पाहा.

श्वास घेणारी वैरण

कापलेला चारा लगेच मरत नाही. त्याच्या पेशी काही तास श्वसन करीत राहतात. भोवतालच्या हवेतील प्राणवायू घेऊन त्या स्वतःतील साखर जाळतात; त्यातून कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. म्हणून हिरव्या गवताच्या ढिगात हात घातला तर तो गरम लागतो. ती ऊब म्हणजे गाईच्या तोंडचा घासच जळतो आहे, असे समजा.

प्राणवायू संपला की श्वसन थांबते आणि दुसऱ्या मंडळींचे राज्य सुरू होते. पानांवर मुळातच असलेले लॅक्टिक आम्लाचे जीवाणू हवेवाचून वाढू शकतात. दुधाचे दही करणारे जीवाणू यांचेच भाऊबंद. त्यांच्यातले सर्वांत कामाचे जीवाणू ग्लुकोजच्या एका रेणूपासून लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू बनवतात. हिशोब करून पाहा : १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९० ग्रॅमचे दोन वाटे, म्हणजे १८० ग्रॅमच आम्ल! वजन तर घटत नाहीच, पण मूळची सुमारे ९६ टक्के ऊर्जाही त्या आम्लात शिल्लक राहते आणि ती पुढे गाईला मिळते.

आम्ल वाढले की चाऱ्याचा सामू ६ च्या आसपास असतो तो ४ पर्यंत उतरतो. आकडा दोनानेच घटला, असे म्हणू नका. सामूचे एक माप म्हणजे दसपट फरक. तेव्हा हायड्रोजन आयन १०० पट झाले. एवढ्या आंबटात कुजवणारे जीवाणू तग धरत नाहीत. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ व्हिर्टानेन यांनी तर चाऱ्यावर बाहेरून सौम्य आम्ल शिंपडून सामू झटकन ४ च्या खाली आणण्याची रीत काढली. तेथील लांबलचक हिवाळ्यात गाईंना चांगली वैरण मिळू लागली. १९४५ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या निवेदनात या रीतीचा खास उल्लेख आहे.

आमचे कुठे चुकले?

आता आमच्या खड्ड्याकडे वळू. अखंड ताटांमध्ये भरपूर पोकळ्या राहिल्या, पाच दिवस हवा येत राहिली आणि पोत्यांतून ती पुढेही झिरपली. साखर जळून गेली, आम्लाला ती उरली नाही. वर बुरशी माजली, तर खाली ब्युटिरिक आम्ल करणारे जीवाणू. खवट वास त्यांचाच.

२०१३ च्या पावसाळ्यानंतर आम्ही पुन्हा खड्डा केला : १५ फूट लांब, ४ फूट रुंद, ३ फूट खोल. मका चिकात असताना, म्हणजे ताटात ६५ ते ७० टक्के पाणी असताना कापला. यंत्रावर बोटाच्या पेराएवढी कुट्टी केली. तळाला आणि कडांना प्लॅस्टिकचा कागद अंथरला. अर्ध्या अर्ध्या फुटाचा थर टाकून तुडवायचा, असा क्रम ठेवला. इथे मात्र माझे पदार्थविज्ञान कामी आले. ६० किलोचा माणूस एका सपाट पावलावर उभा राहिला, तर सुमारे १५० चौरस सेंटिमीटरवर भार पडतो, दाब ०.४ किलो. तोच टाचेवर उभा राहिला, तर क्षेत्रफळ ३० चौरस सेंटिमीटर. दाब २ किलो, म्हणजे पाचपट! आम्ही टाचांनी तुडवले, कडेला तर विशेष. एका दिवसात खड्डा भरून कागदाने झाकला आणि वर माती दाबली.

चांगल्या दाबलेल्या घनफुटात सुमारे १५ किलो मुरघास मावतो. १८० घनफुटांचे झाले २,७०० किलो. चार गाईंना रोज १५ किलोप्रमाणे ६० किलो लागतो, म्हणजे ४५ दिवसांची बेगमी. रोज ४ इंचांचा काप निघतो. हा वेगही महत्त्वाचा आहे, कारण उघड्या तोंडातून हवा शिरते आणि नासणे पुन्हा सुरू होते. घरी दोनच गाई असतील, तर खड्ड्याऐवजी लहान पिशव्या बऱ्या. एक संपल्यावर दुसरी उघडायची.

२०१४ च्या एप्रिलमध्ये खड्डा उघडला. आत हिरवट-पिवळी, आंबटगोड वासाची कुट्टी होती. पहिले चार दिवस थोडी थोडी देऊन गाईंना सवय लावली. जोडीला कडबा आणि पेंड होतीच. त्या वर्षी दावण रिकामी झाली नाही.

तुम्ही करून पाहा

मक्याची एक किलो कुट्टी घ्या. अर्धी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून, हवा काढून घट्ट बांधा. दुसरी अर्धी सैल भरून तोंड उघडे ठेवा. सामूदर्शक कागदाने आजचा सामू नोंदवा. बांधलेली पिशवी किंचित फुगेल, ती उघडू नका. दुसऱ्या पिशवीतील उष्णता तापमापकाने रोज मोजा. तीस दिवसांनी दोन्हींचा सामू, रंग आणि वजन यांची तुलना करा. बुरशी आलेला चारा नाकाजवळ नेऊ नका आणि जनावरांनाही घालू नका.

एक सूचना मात्र विसरू नका. ताज्या भरलेल्या खोल खड्ड्यात किंवा मनोऱ्यात वाकू नका, उतरू नका. हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायॉक्साइड आणि कधी तांबूस, विषारी नायट्रोजन डायॉक्साइड तेथे साचून राहतो. तो जीव घेऊ शकतो.