पिल्लाचे दात आणि घराची एकवाक्यता

मुंबईच्या उपनगरी रेल्वेचे कसारा हे शेवटचे स्थानक. येथून पुढे घाट सुरू होतो. महामार्ग व रेल्वे यांच्या आधाराने वाढलेल्या अशा गावांत आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांचे पुढे दुकान आणि मागे घर असते. राखणीच्या गरजेने किंवा मुलांच्या हट्टाने अशा घरी कुत्र्याचे पिल्लू येते. पहिले आठ दिवस कौतुकात जातात. पुढे मुलांच्या हातांवर ओरखडे दिसू लागतात, साडीचा पदर फाटतो, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाला दात लागतात. मग ‘हे पिल्लू चावरे निघाले’ असा शिक्का बसतो आणि त्याला कोठेतरी लांब सोडून यावे, असा विचार घरात बोलला जातो. त्या निर्णयापूर्वी पिल्लू का चावते, हे समजून घेणे आपले कर्तव्य आहे.

चावण्यामागील कारण

पिल्लाला हात नसतात. प्रत्येक वस्तूची ओळख ते तोंडानेच करून घेते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्याला दुधाचे दात येऊ लागतात. हे २८ दात सुईसारखे टोकदार असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात व चावण्याची इच्छा वाढते.

दात किती जोराने लावावेत, याचा पहिला धडा पिल्लू भावंडांत शिकते. एकाने जोराने चावा घेतला की दुसरे केकाटते आणि खेळ थांबतो. म्हणून आठ आठवड्यांचे होण्यापूर्वी पिल्लाला आईपासून तोडू नये. फार लवकर आणलेल्या पिल्लाचा हा धडा अपुरा राहतो आणि तो पूर्ण करण्याचे काम आपल्याकडे येते.

शिकवण्याची रीत

दात लागताच खेळ तत्काळ थांबवावा. हात झटकू नये. झटकलेला हात पिल्लाला पळणाऱ्या सावजासारखा वाटतो. हात स्थिर ठेवून शांतपणे काढून घ्यावा, पाठ फिरवावी आणि अर्धा मिनिट त्याच्याकडे पाहू नये. त्यानंतर चघळण्याजोगी वस्तू पुढे करावी. गाठ मारलेले जाड कापड ओले करून थंड केलेले असले तरी पुरते. थंड काकडीची फोडही हिरड्यांना आराम देते. पिल्लू ती वस्तू चघळू लागले की प्रेमळ शब्दांनी शाबासकी द्यावी. ‘दात लावले की सोबत जाते, शांत राहिले की सोबत मिळते’ एवढेच त्याला कळायला हवे.

नाकावर चापटी मारणे, जबडा दाबून धरणे, काठी दाखवणे हे उपाय पुष्कळ घरांत चालतात. त्यांनी पिल्लू हाताला भिऊ लागते, आणि भ्यालेला कुत्रा मोठेपणी खरोखर चावतो. गुरगुरण्याबद्दलही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती दडपली तर कुत्रा सूचना न देता चावू शकतो. लहान पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. दुकानाच्या वर्दळीत ती मोडली की ते चिडचिडे होते व अधिक चावते. मागच्या खोलीत गोणपाट अंथरून त्याला निवांत जागा द्यावी.

मुलांना तीन नियम सांगावेत : बोटांनी पिल्लाला खेळवू नये, ते जेवताना वा झोपलेले असताना छेडू नये, आणि ते अंगावर आले तर पळू नये, झाडासारखे स्तब्ध उभे राहावे. लहान मुलाला पिल्लाबरोबर एकटे सोडू नये.

सर्वांचा एकच नियम

कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात, हे आपण पाहतो. १:३७ चा तो चढ सर्व इंजिनांनी एकाच दिशेने जोर लावला तरच पार होतो. पिल्लाच्या शिक्षणाचेही तसेच आहे. आईने खेळ थांबवला, पण काकांनी त्याच वेळी हात पुढे करून झोंबाझोंबी केली, तर पिल्लाचा गोंधळ होतो आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. आजी-आजोबांपासून दुकानातील नोकरापर्यंत सर्वांनी एकच नियम पाळावा.

दात लागले तर

‘आपलेच पिल्लू, त्याला काय होणार’ हा समज घातक आहे. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. तोपर्यंत त्याला संरक्षण नसते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. मात्र वेळीच लस घेतली तर तो टाळता येतो. म्हणून ओरखड्यातून रक्त आले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्र किंवा शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. त्वचेत द्यावयाच्या लसीचे डोस ०, ३, ७ व २८ व्या दिवशी असतात. मधला एकही चुकवू नये.

सोडून देण्यापूर्वी

१८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी सेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. मुक्या जिवांना आसरा देण्याची ही परंपरा व्यापारी घराण्यांनी आपल्या पैशाने चालवली. त्याच घराण्यांच्या वारसांनी चार महिन्यांचे पिल्लू महामार्गाच्या कडेला सोडून यावे, हे शोभत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा गुन्हाही आहे.

शिस्तीला पिल्लू लगेच प्रतिसाद देईलच असे नाही; पक्के दात येईपर्यंत धीर धरावा लागतो. मात्र अंग ताठ करून अन्नावर अडून बसणे, एकटक रोखून पाहणे, स्पर्श होताच अंगावर धावून येणे असे प्रकार दिसले तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. त्यामागे दुखणेही असू शकते. पिल्लू घरी आणण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत : पुढील सहा महिने याच्यासाठी रोज वेळ कोण देणार, आणि लसीच्या तारखा कोण लक्षात ठेवणार? उत्तर देणारे कोणी नसेल, तर पिल्लू आणू नये.