आधी खांब, मग उडी

मल्लखांबाच्या स्पर्धेत टाळ्या पडतात त्या खेळाडूला. लाकूड कुठून आणले, ते कोणी तासले, दोर कोणी वळला, हे कोणी विचारत नाही. या खेळाची सगळी कहाणी मात्र साधनाचीच आहे. मल्लखांब जन्माला आला तो पैलवानाच्या सरावाचे साधन म्हणून. समोर जोडीदार नसतानाही पकडी घोटता याव्यात, मांड्या आवळता याव्यात, दम वाढावा, म्हणून तालमीत लाकडाचा एक जोडीदार पुरला गेला. त्याला अंग आहे, अंगावर निमुळती मान आहे आणि मानेवर बोंड आहे. मानेला विळखा घालून पैलवान शरीर वर उचलायला शिकला आणि हळूहळू कुस्तीचे साधन स्वतःच खेळ होऊन बसले.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. नंतर शतकानुशतके या विद्येची फारशी खबर नाही. ती पुन्हा उभी राहिली दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांच्या हातून. त्याची आख्यायिका अशी. निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी दरबाराला आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा तरुण बाळंभट उभे राहिले. तयारीसाठी त्यांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली आणि तिथेच त्यांना लाकडी खांबावरच्या कसरतीची दिशा मिळाली, असे सांगतात. १८१८ साली पेशवाई गेली. बाजीराव बिठूरला गेले, त्यांच्याबरोबर बाळंभटही गेले आणि पुढे ही विद्या काशीपर्यंत पोचली.

आता खांबाकडे जरा जवळून पाहू. लाकूड साग किंवा शिसवी. मोठ्या गटाचा खांब जमिनीवर सुमारे अडीच मीटर. बुंध्याशी घेर ५५ सेंटीमीटरच्या आसपास, आणि वर जाताना तो कमी होत जातो. हा निमुळतेपणा दिसायला सुबक आहेच, पण त्याचे काम फार मोठे आहे. खेळाडू मांड्यांत खांब आवळून उलटा लटकतो आणि सुटून खाली घसरू लागतो, तेव्हा प्रत्येक इंचाला खांब जाड होत जातो. मांड्या आपोआप ताणल्या जातात, दाब वाढतो आणि घसरण मंदावते. म्हणजे ब्रेक खांबातच बसवलेला आहे. ज्या कोणी पहिल्यांदा हा उतार ठरवला, त्याला शरीर आणि लाकूड दोन्ही कळत होते.

असा खांब घडवणारा सुतार ओंडका आधी चौकोनी करून घेतो. मग चारही कोपरे तासून आठ कडा, आठाच्या सोळा, आणि शेवटी रंधा मारून गोल. घोट्यापासून मानेपर्यंत मुलाचे उघडे अंग यावर घासणार असते, त्यामुळे गाठ, चीर, कुसळ यांपैकी काहीही चालत नाही. आपल्याकडे मुबलक असलेली बाभूळ चिवट खरी, पण ती वाकडी आणि गाठाळ. एवढ्या लांबीचा सरळ तुकडा तिच्यात मिळणे कठीण.

यानंतर एरंडेल. खांबाला एरंडेल तेल चोळतात, म्हणजे कातडी सोलवटत नाही आणि फिरकी घेताना अंग सरकते. तेल कमी पडले तर मांड्या लाल होतात, जास्त झाले तर पकड सुटते. योग्य तेल किती, हे पुस्तकात सापडत नाही. वस्ताद तळहात फिरवून पाहतो आणि ठरवतो. नवख्याला तो आधी सलामी, मग साधी अढी शिकवतो: हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे, मांड्यांत खांब पकडायचा, डोके खाली. पहिल्या प्रयत्नांत पोर पाय फेकते पण कंबर मागेच राहते. अशा वेळी वस्ताद ओरडत नाही. त्याचा एक हात कंबरेखाली असतो आणि तो हात कधी काढायचा, यातच त्याची सगळी विद्या असते. अढी पक्की झाली की तेढी, बगली, दसरंग, वेल, फरारे, सुळे, ताजवे. एकेक नाव ऐकताना तालीम डोळ्यांपुढे येते. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’त ही विद्या नीट नोंदून ठेवली गेली, हे आपले भाग्यच.

जाणत्या वस्तादांनी साधन आहे तसे कधी ठेवले नाही. पुरलेला खांब सवयीचा झाला की छोटा खांब साखळीने टांगायचा. तो झुलतो, फिरतो, आधार देत नाही, त्यामुळे पोटाच्या स्नायूंना सतत जागे राहावे लागते. काहींनी खांब जमिनीतून काढून बाटल्यांवर उभा केला. हा निराधार मल्लखांब. त्याच्यावर चढणाऱ्याला तोल एक क्षणही विसरता येत नाही. वेताचा मल्लखांबही होता. चांगला वेत मिळेनासा झाला तेव्हा त्याच्या जागी सुती दोर आला आणि मल्लखांबाला नवे दालन मिळाले. दोर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात धरायचा, अंगाभोवती वळवायचा, आणि गाठ कुठेही मारायची नाही. मुलींचा मल्लखांब मुख्यतः या दोरावर वाढला. मुंबईच्या हिमानी परब यांना २०२१ सालचा अर्जुन पुरस्कार मिळाला, तो मल्लखांबातला पहिला.

१९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला गेले आणि ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके झाली. राष्ट्रीय संघटना मात्र १९८१ साली उज्जैनला उभी राहिली. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्य खेळाचा दर्जा दिला. ज्या मातीतून हा खेळ गेला, तिथे हा मान त्याला आधी मिळायला हवा होता, असे मला मनापासून वाटते. २०१९ साली पहिली जागतिक स्पर्धा शिवाजी पार्कवर झाली. तिथल्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. दिव्यांग, अनाथ, आदिवासी, ज्येष्ठ, परदेशी अशा सर्वांना त्यांनी शिकवले. दृष्टिहीन मुलालाही दोर शिकता येतो, कारण दोराचे सगळे ज्ञान स्पर्शातून येते.

आता आपल्या पैठण तालुक्यातल्या पाचोडला मल्लखांब उभा करायचा तर पहिला प्रश्न जमिनीचा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसता खड्डा खणून पुरलेला खांब दोन पावसाळ्यांत कलेल. खड्डा मुरमापर्यंत न्यायचा, बुडाला डांबर लावायचे म्हणजे वाळवी लागत नाही, आणि भोवती काँक्रीट भरायचे. दुसरा प्रश्न मुलांचा. बारा वर्षांच्या पोराला मोठ्या गटाचा खांब दिला तर त्याच्या मांड्यांत तो मावणारच नाही. लहान गटाला बारीक, बुटका खांब लागतो आणि खाली चांगली जाड गादी. गादीत काटकसर करू नये. एका वाईट पडण्याने पोर हा खेळ कायमचा सोडते, आणि त्याच्या आईला दोष देता येत नाही.

साग चांगला वाळायला वर्ष-दोन वर्षे जातात. तोवर थांबण्याचे कारण नाही. सुरुवात दोरापासून करावी. पैठण तालुका कपाशीचा, तेव्हा दोर सुतीच घ्यावा. नायलॉनचा दोर स्वस्त म्हणून घेऊ नये, तो कातडी भाजतो आणि हातातून सटकतो. शाळेच्या मैदानात वेल्डरकडून साडेपाच-सहा मीटर उंचीची भक्कम लोखंडी तुळई करून घ्यावी. झाडाच्या फांदीवर भरवसा ठेवू नये. जाणत्या प्रशिक्षकाला महिन्यातून एकदा बोलवावे आणि मधल्या दिवसांत गावातलाच एखादा शिक्षक तयार करावा. अकरा-बारा वर्षांच्या मुली आधी घ्याव्यात, त्या दोरावर चटकन रमतात. सागाचा ओंडका सुताराच्या दारात वाळत असेल तोवर पहिली तुकडी दोरावर अढी मारायला लागलेली असेल.